सी किंगचं डायकास्ट हवंय? आधी मोल्ड शोधा, रंगाचं नंतर बघू

डायकास्ट, म्हणजे धातूची तयार मॉडेलं, गोळा करणाऱ्यांत फायटर विमानवाले ढिगाने सापडतात, हेलिकॉप्टरवाले बोटावर मोजण्याइतके, आणि त्यातल्या प्रत्येकाचा जीव कुठल्या ना कुठल्या मशीनमध्ये अडकलेला असतो. नाशिकवाल्याला चेतक हवं असतं, कारण नाशिक रोडला आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल आहे आणि चेतक-चीता तिथे डोक्यावर घिरट्या घालतच असतात. कुलाब्यात वाढलेल्याला सी किंग हवं असतं, कारण आयएनएस शिक्रावरून उठणारं ते धूड त्याने शाळेच्या खिडकीतून बघितलेलं असतं. व्हिएतनाम युद्धाचे फोटो बघून वेडा झालेला असेल तर त्याला ह्यूई, म्हणजे त्या युद्धातलं अमेरिकन हेलिकॉप्टर. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, कंपनी कधी काढणार? वर्षानुवर्षं "येईल, येईल" करत बसलेले लोक माझ्या ओळखीत आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या अर्ध्यांना एका संध्याकाळीच कळलं असतं की आपली इच्छा पुरी होण्यासारखी आहे की नाही.

ते कसं ओळखायचं, आणि ओळखल्यावर मॉडेल घरी सुखरूप आणून कपाटात नीट कसं ठेवायचं, हे सी किंग धरून सांगतो. सी किंग अशासाठी की त्याचं डायकास्ट बाजारात येऊन गेलंय, पण आपल्या नौदलाच्या रंगातलं मिळवायला घाम फुटतो, त्यामुळे सगळ्या अडचणी एकाच उदाहरणात दिसतात. ह्यूई किंवा चेतकवाल्यांनी आपापलं नाव घालून वाचावं, मधे मधे त्यांचंही येईलच.

पहिली गोष्ट: नक्की कुठलं सी किंग?

नुसतं "सी किंग पाहिजे" म्हणून चालत नाही. मूळ डिझाइन अमेरिकेच्या सिकॉर्स्कीचं, पहिलं उड्डाण ११ मार्च १९५९. ब्रिटनच्या वेस्टलँडने लायसन्स घेऊन स्वतःचं काढलं, त्यात रोल्स-रॉइसची नोम इंजिनं आणि स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स घातलं, आणि त्यांचं पहिलं मशीन ७ मे १९६९ ला उडालं. बाहेरून बघताना पटकन कळणारी खूण म्हणजे पाणबुडीविरोधी वेस्टलँडच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, रडारचा घुमट असतो, अमेरिकन एसएच-३ ची, म्हणजे सिकॉर्स्कीच्या मूळ सी किंगची, पाठ सपाट.

आता वेस्टलँडच्याच आत बघा. रॉयल नेव्हीचं पाणबुडीविरोधी एचएएस, रॉयल एअर फोर्सचं पिवळंधमक बचाव हेलिकॉप्टर एचएआर-३, सैनिक वाहून नेणारं एचसी-४ ज्याला कमांडो म्हणतात, आणि बाजूला रडारची मोठी पिशवी लटकवलेलं एएसएसी-७. यातलं एचसी-४ लगेच वेगळं काढता येतं. बाकीच्यांची चाकं दोन्ही बाजूंच्या फुगीर डब्यांत, म्हणजे फ्लोटमध्ये, आत जातात, एचसी-४ ला ते फ्लोटच नाहीत, चाकं कायम खाली. पाठीवर तो घुमटही नाही.

आपल्याकडे नौदलाला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मार्क ४२ (मार्क म्हणजे आवृत्ती) मिळालं, मग ४२ए, पुढे १९८० च्या दशकात ४२बी आणि ४२सी. ४२बी म्हणजे सी ईगल मिसाइल लावू शकणारं, पाठीवर घुमट असलेलं. ४२सी म्हणजे वाहतुकीचं, कमांडोच्या अंगाचं, पण नाकात रडार. हे नाकातलं रडार लक्षात ठेवा, पुढे लागणारे. आणि २००७ मध्ये आयएनएस जलाश्व अमेरिकेकडून आलं तेव्हा त्यासोबत सहा यूएच-३एच आली, म्हणजे आपल्या नौदलाच्या रंगात अमेरिकन बॉडीचं सी किंगही होतं, २०२४ मध्ये ती निवृत्त झाली. तेव्हा "भारतीय सी किंग" म्हटलं तरी निदान तीन वेगळ्या बॉड्या झाल्या. तुम्हाला त्यातली कुठली हवी आहे ते कागदावर लिहून काढा, जमलं तर एका विशिष्ट मशीनचा, नंबर दिसतोय असा फोटो सेव्ह करून ठेवा. पुढे विकणाऱ्याशी बोलताना, डेकल (मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं, अक्षरं) बनवून घेताना, सगळीकडे तो एक फोटो कामाला येतो.

फोटो मिळवायचे तर ४ डिसेंबरचा नेव्ही डे हा सोपा मार्ग. गेटवेसमोरची प्रात्यक्षिकं मुंबईकरांनी पाहिलेली असतात, २०२३ ला तो कार्यक्रम सिंधुदुर्गात तारकर्लीला झाला होता, त्याचेही लोकांनी काढलेले भरपूर फोटो फिरत असतात. शिक्राच्या भिंतीबाहेर झूम लेन्स घेऊन उभं राहायची हुशारी मात्र करू नका, लष्करी तळ आहे तो, छंदापायी चौकशीला सामोरं जायची काही गरज नाही. जवळून जुनी हेलिकॉप्टरं बघायची हौस असेल तर गोव्यात बोगमाळोचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे, तिथे कामोव्ह-२५ वगैरे उघड्यावर उभी आहेत, हब, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात तो मधला भाग, आणि पात्यांची रचना प्रत्यक्ष बघितली की मॉडेलमधली चूक झटकन डोळ्यात येते.

दुसरी गोष्ट, आणि सगळ्यात महत्त्वाची: मोल्ड आहे का?

डायकास्ट म्हणजे जस्ताचा मिश्रधातू, ज्याला झमॅक म्हणतात, त्यात साधारण ४ टक्के अॅल्युमिनियम असतं, तो वितळवून जोराच्या दाबाने स्टीलच्या साच्यात मारतात. पैसा खातो तो हा साचा, म्हणजे मोल्ड. डिझाइन, कटिंग, ट्रायल, सगळा खर्च तिथे. एकदा मोल्ड बनला की मग कंपनीला रंग बदलत बदलत त्याच्यातूनच माल काढत राहायचा असतो, कारण नवीन रंग आणि नवीन छपाई हे त्या मानाने किरकोळ काम. म्हणून आशा धरायची ती मोल्डकडे बघून. मोल्ड असेल तर तुमचा रंग आज ना उद्या यायची शक्यता आहे. मोल्डच नसेल तर तुम्ही कंपनीकडे फक्त एक रंग मागत नाही आहात, आख्खा कारखान्याचा खर्च मागताय.

सी किंगचा १/७२ मोल्ड, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाइतक्या मापाचा, कॉर्गीकडे आहे. कॉर्गी म्हणजे १९५६ पासूनचं ब्रिटिश नाव, २००८ पासून हॉर्नबीच्या मालकीचं, आणि त्यांची एव्हिएशन आर्काइव्ह ही विमानांची रेंज. त्यात बचावपथकाचं पिवळं आणि रॉयल नेव्हीची सी किंगं येऊन गेली. ब्रिटिश रंगच का येतात याचं उत्तर सरळ आहे, १९८२ चं फॉकलंड युद्ध आणि ते पिवळं बचाव हेलिकॉप्टर हे तिकडच्या माणसाच्या काळजातले विषय, प्रिन्स विल्यम स्वतः वेल्समध्ये पिवळं सी किंग चालवायचा, माल तिथे खपतो. जर्मनी, नॉर्वे, बेल्जियम, ऑस्ट्रेलिया, इजिप्त, पाकिस्तान, भारत, सगळ्यांनी वेस्टलँडची सी किंगं वापरली, पण त्या प्रत्येक देशात मॉडेल घेणारे किती, हा हिशोब कंपनी करणारच.

तरी निराश व्हायचं कारण नाही, उदाहरण देतो. हॉबी मास्टर या दुसऱ्या डायकास्ट कंपनीने सुखोई-३० चा मोल्ड बनवला आणि त्यातून आपल्या हवाई दलाचं सुखोई-३० एमकेआय काढलं. मोल्ड होता म्हणून आलं. आपल्याकडे गिऱ्हाईक आहे हे कंपन्यांना आता माहीत आहे.

मोल्ड ओळखायची एक युक्ती आहे ती नवीन लोकांना कुणी सांगत नाही. मॉडेलचा कोड नंबर वाचायला शिका. कॉर्गीच्या एव्हिएशन आर्काइव्हचे कोड एए ने सुरू होतात, पुढचे पाच आकडे, त्यातले पहिले तीन म्हणजे मोल्ड आणि शेवटचे दोन म्हणजे त्या मोल्डमधली कितवी आवृत्ती. हॉबी मास्टरमध्ये एचए म्हणजे विमान, एचएच म्हणजे हेलिकॉप्टर, पुढचे पहिले दोन आकडे मोल्डचे आणि मग आवृत्ती. आता हे कशाला? तर तुमच्या आवडत्या मशीनच्या कोडमधले शेवटचे आकडे वाढत वाढत गेलेत का ते बघायचं. एका मोल्डमधून भराभर आवृत्त्या येत असतील तर तो चालणारा मोल्ड, थांबा, हरकत नाही. पाच-सात वर्षांत एकही नवीन नाही तर एकतर खप नाही किंवा मोल्ड झिजलाय किंवा बाजूला पडलाय, मग वाट बघण्यापेक्षा जुना माल शोधलेला बरा.

ह्यूईवाले या बाबतीत नशीबवान. कॉर्गीने १/४८ मध्ये काढलं, फ्रँकलिन मिंटच्या आर्मर कलेक्शनने १/४८ मध्ये काढलं, फोर्सेस ऑफ व्हॅलरने काढलं. तुम्हाला फक्त निवडायचंय. चिनूकही कॉर्गीच्या १/७२ मध्ये सापडतं. चेतकवाल्यांची वाट अवघड आहे, त्यांच्यासाठी शेवटी वेगळं लिहिलंय.

डायकास्ट आहे की नुसतं "डायकास्टसारखं"?

ऑनलाइन लिस्टिंगमध्ये "मेटल मॉडेल", "डायकास्ट", "प्री-बिल्ट" हे शब्द लोक वाट्टेल तसे वापरतात. ईझी मॉडेलची १/७२ हेलिकॉप्टरं छान असतात, रंगवून तयार येतात, पण ती प्लास्टिकची आहेत. ते वाईट नाही, उलट तपशील बारीक असतो, फक्त धातूचं वजन हवं असेल तर घेऊन पस्तावाल. न्यू रेची स्काय पायलट मालिका स्वस्तात मस्त, पोराला द्यायला उत्तम, कलेक्शनसाठी म्हणाल तर पॅनल लाइन, म्हणजे पत्र्याच्या जोडांच्या रेघा, बघूनच हिरमोड होतो. युरोपात मासिकासोबत येणाऱ्या अमरकॉम, आल्टाया वगैरेंच्या १/७२ मालिका हा मधला प्रकार, धातू असतो, किंमत कमी, छपाई कधी बरी कधी भुरकट, पण इतर कुणी हात न लावलेली मशीनं तिथे सापडू शकतात म्हणून नजर ठेवावी.

आणि एक गोष्ट, महागातल्या महाग डायकास्ट हेलिकॉप्टरलाही पाती, अँटेना, टेल रोटर (शेपटीवरचा छोटा पंखा) हे सगळं प्लास्टिकचंच असतं. धातू असतो तो बॉडीत. पातळ पातं धातूचं केलं तर हबवर भार येतो आणि कडा जाड दिसतात, त्यामुळे "पाती प्लास्टिकची आली, फसवलं" म्हणून विक्रेत्याशी भांडू नका.

कपाट मोजा, मग स्केल ठरवा

हेलिकॉप्टर फसवं असतं. बॉडी बघून आपण जागा धरतो आणि मग पाती काचेला आपटतात. हिशोब करून घ्या. सी किंगचा रोटर, म्हणजे वरच्या पात्यांचा घेर, १८.९ मीटर, १/७२ मध्ये साधारण २६ सेंटीमीटरचं वर्तुळ, आणि पात्यांच्या टोकापासून टेल रोटरपर्यंत पूर्ण लांबी सुमारे ३१ सेंटीमीटर. ह्यूईच्या यूएच-१एच प्रकाराचा रोटर १४.६३ मीटर, १/७२ मध्ये २० च्या आसपास पण १/४८ मध्ये साडेतीस सेंटीमीटर. चिनूकची दोन्ही रोटर धरून लांबी १/७२ मध्येच ४२ सेंटीमीटरला टेकते. चेतक बिचारं लहान, ११ मीटरचा रोटर, १/७२ मध्ये १५ सेंटीमीटर, तळहाताच्या आसपास.

आपल्याकडच्या वॉल शोकेसची खोली बहुतेक फूटभरच असते, तेही आतून मोजलं तर कमीच भरते. म्हणजे सी किंग तिरकं ठेवावं लागणार किंवा पाती अशा कोनात फिरवावी लागणार की दोन पात्यांच्या मधली फट काचेकडे येईल. सी किंगला पाच पाती असल्यामुळे हे जरा जमतं. ह्यूईला दोनच, ती सरळ बॉडीच्या रेषेत फिरवून ठेवली की रुंदीचा प्रश्नच मिटला. माझं मत विचाराल तर हेलिकॉप्टरांसाठी १/७२ धरून बसा, १/४८ मधलं एखादं ह्यूई बघायला जबरदस्त वाटतं पण दुसरं घ्यायची वेळ आली की घरात वाद होतात.

खरेदी: प्री-ऑर्डर की जुना माल

नवीन आवृत्ती जाहीर झाली की प्री-ऑर्डर उघडते. तारीख पुढे ढकलली जाते हे धरूनच चाला, एक सीझन इकडे-तिकडे ही सर्रास गोष्ट आहे. प्री-ऑर्डर करताना दोन गोष्टी विचारायच्या: पैसे आत्ता कापणार की पाठवताना, आणि रद्द केलं तर परत मिळणार का. आगाऊ पूर्ण पैसे मागणारा आणि परताव्याबद्दल गोलमोल बोलणारा असेल तर सोडून द्या, मॉडेल पुन्हा मिळेल. जाहिरातीतला फोटो बहुतेक कॉम्प्युटरवर रंगवलेला नाहीतर सॅम्पलचा असतो, त्यावरून रंगछटेची खात्री धरू नका.

जुन्या मालात खरी मजा आहे आणि खरा धोकाही. मी विकणाऱ्याकडून ठराविक फोटो मागतो आणि ते दिल्याशिवाय पुढे बोलतच नाही. रोटर हबचा वरून जवळून फोटो, कारण पातं हबमध्ये जिथे बसतं ती खुंटी तुटून फेव्हिक्विकने चिकटवलेली असते आणि लांबून कळत नाही. टेल रोटरचा बाजूने फोटो, पाती मोजता येतील असा. पोटाचा फोटो, स्क्रू आणि स्टँडचं भोक दिसेल असा. नाकाच्या काचेचा फोटो, आतून धुरकट झाली आहे का बघायला. आणि बॉक्सच्या आतल्या ट्रेचा, कारण पायलट, जादा अँटेना, बंद दाराचा पर्यायी तुकडा असल्या बारीक वस्तू ट्रेच्या खाचांत असतात आणि त्याच हरवलेल्या असतात. "पूर्ण आहे साहेब" यावर विश्वास ठेवू नका, रिकामी खाच खोटं बोलत नाही.

धातूला भेगा किंवा फुगवटा दिसतोय का तेही बघा. जस्तात शिसं वगैरे अशुद्धी राहिली तर वर्षांनी धातू आतून फुगतो आणि तडकतो, त्याला झिंक पेस्ट म्हणतात, आणि त्याला औषध नाही. जुन्या काळच्या खेळण्यांत जास्त दिसतं, हल्लीच्या मालात कमी, पण दाराच्या चौकटीपाशी, शेपटीच्या सांध्यापाशी केसासारखी रेघ असेल आणि रंग तिथे उचललेला असेल तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

कस्टम्स, म्हणजे डोकेदुखी

परदेशातून मागवणार असाल तर हे आधी समजून घ्या, नाहीतर मॉडेलइतकेच पैसे ड्यूटीत जातील. कस्टम्सच्या वर्गवारीत खेळणी आणि स्केल मॉडेल एकाच शीर्षकाखाली येतात, ९५०३. खेळण्यांवरची ड्यूटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. पोस्टाने किंवा कुरिअरने वैयक्तिक वापरासाठी येणाऱ्या वस्तूंचं वेगळं शीर्षक आहे आणि त्याचे दर बदलत आलेत, तेव्हा ऑर्डर टाकायच्या दिवशी चालू दर बघा, दोन वर्षांपूर्वी कुणाला किती लागले यावर जाऊ नका. शिवाय २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची, सक्ती आहे. ती १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी, आणि कलेक्टरच्या मॉडेलवर "१४ वर्षांवरील, खेळणं नाही" असं छापलेलं असतं, म्हणून बॉक्सच्या त्या बाजूचा फोटो, इन्व्हॉइस, पैसे भरल्याचा पुरावा एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. पार्सल अडलं की हीच कागदं मागतात, आणि शांतपणे, एका ईमेलमध्ये सगळी एकदम पाठवली की काम लवकर होतं.

विक्रेत्याला "गिफ्ट लिहा, किंमत कमी दाखवा" असं सांगायचा मोह होतो. करू नका. पकडलं तर दंड, आणि वाटेत हरवलं तर विमा त्या खोट्या किमतीचाच मिळणार.

लंडनला, न्यू जर्सीला कुणी मावसभाऊ, आत्या असेल तर त्यांच्या पत्त्यावर मागवून येताना आणायला सांगणं हा आपला पिढीजात मार्ग आहेच. फक्त आत्याला आधी सांगा की हे हँडबॅगेत येणार, चेक-इनमध्ये नाही, आणि बॉक्सचं माप सेंटीमीटरमध्ये कळवा. सी किंगचा बॉक्स "छोटंसं खेळणं आहे गं" म्हणून खपत नाही.

आपल्याकडच्या डीलरकडून घेतलं तर किंमत बघून आधी चक्कर येते, पण त्यात ड्यूटी, मोडतोडीची जोखीम, परत करायची सोय हे सगळं धरलं तर फरक वाटतो तितका नसतो. बेरीज करून बघा, मग ठरवा.

बॉक्स आला, आता हळू

उघडताना व्हिडिओ काढा, सील दिसेल असा, एकसलग, न थांबवता. मधेच कट असला तर विक्रेते मान्य करत नाहीत.

मॉडेल बाहेर काढताना शेपटीला किंवा हबला धरू नका, पोटाखाली दोन बोटं आणि वरून अंगठा. आधी जागेवर बसलेले भाग तपासा, मग सुटे भाग. पाती बसवताना आधी सुकीच बसवून बघायची, गोंद अजिबात नाही. प्रत्येक पात्याची खुंटी आणि हबचं भोक यांचा आकार कधी कधी एकाच बाजूने जुळेल असा केलेला असतो, जोर लावला की खुंटी मोडते. बसत नसेल तर भोकात साचलेला रंग टूथपिकने खरवडून काढा, नव्वद टक्के वेळा कारण तेच असतं.

पातं वाकलेलं आलं तर घाबरू नका. आधी एक बघा, वाकलंय का पिळलंय. खऱ्या सी किंगची पाती जमिनीवर उभं असताना खाली झुकलेलीच असतात, त्यामुळे पाचही पाती सारखी झुकली असतील तर ते बरोबरच आहे. एखादंच वर उचललेलं किंवा पिळलेलं असेल तर ते पातं काढा, गरम पाण्यात बुडवा, उकळत्या नाही, आंघोळीच्या पाण्यापेक्षा जरा कडक, मऊ झालं की काचेवर ठेवून बोटाने हवा तसा आकार द्या आणि तसंच धरून गार पाण्यात टाका. हेअर ड्रायर घेऊन बॉडीसकट गरम करणारे लोक आहेत, त्यांचे डेकल आणि काचा बघवत नाहीत.

ठेवायचं कसं

मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेचा पहिला फटका बॉक्समध्ये बंद ठेवलेल्या मॉडेलला बसतो. जुना फोम कालांतराने विरघळल्यासारखा होतो आणि रंगाला चिकटतो, म्हणून फोमच्या बॉक्समध्ये वर्षानुवर्षं झाकून ठेवू नका, निदान मधे बटर पेपर घाला. रबरी चाकं रंगवलेल्या किंवा प्लास्टिकच्या पृष्ठभागावर महिनोन् महिने टेकलेली राहिली तर खाली चिकट डाग पडतात, तेव्हा चाकांखाली काच असू दे. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात बदलायच्या. पश्चिमेच्या खिडकीसमोर शोकेस नको, पांढरे डेकल पिवळे पडतात आणि ते परत येत नाहीत. आतला दिवा एलईडीच लावा, हॅलोजनने कपाटाची भट्टी होते.

धूळ काढायला मेकअपचा मोठा मऊ ब्रश, कोरडा, हबपासून पात्याच्या टोकाकडे. कापड नको, अँटेनात अडकतं आणि मग अँटेना शोधत गुडघ्यावर बसावं लागतं.

आपल्याच रंगातलं हवं असेल तर

आता ते नाकातलं रडार. समजा तुम्हाला ४२सी हवंय. सगळ्यात जवळची बॉडी एचसी-४ ची, फ्लोट नाहीत, चाकं खाली, पाठ साफ. पण एचसी-४ च्या नाकात रडार नाही, त्यामुळे नुसता रंग बदलला तर जाणकार माणूस दारातूनच हसेल. नाकावर घुमट बसवावा लागेल, मिलिपुटसारख्या इपॉक्सी पुट्टीने घडवा किंवा थ्री-डी प्रिंट करून घ्या. ४२बी हवं असेल तर फ्लोट आणि पाठीवर घुमट असलेली एचएएस ची बॉडी घ्या.

डायकास्टवर रंग काढून पुन्हा रंगवायचं काम करायचंच असेल तर महागडं, नवं कोरं मॉडेल घेऊन करू नका. बॉक्स नसलेलं, अँटेना तुटलेलं, कुणी टाकून दिल्यासारखं विकायला काढलेलं शोधा. पोटाचे स्क्रू काढा, प्लास्टिकचे भाग आणि काचा बाजूला करा, फक्त धातूची बॉडी पेंट रिमूव्हरमध्ये टाका, कारण प्लास्टिक त्यात वितळतं. मग मेटल प्रायमर, तोही पातळ दोन हात, त्यावर नौदलाचा राखाडी. केशरी-पांढरा-हिरवा गोल आणि अक्षरं वॉटरस्लाइड डेकल पेपरवर छापून मिळतात, फक्त साध्या इंकजेट-लेझरवर पांढरा रंग छापला जात नाही, म्हणून गोलातला पांढरा भाग आधी रंगवून घ्या किंवा पांढऱ्या बेसचा पेपर वापरा. इथे तो सुरुवातीला सेव्ह केलेला फोटो बाहेर काढा आणि त्याच मशीनचा नंबर, त्याच जागी, त्याच मापात लावा. दोन फोटो मिसळून तिसरंच, कधी नसलेलं मशीन तयार होतं.

चेतकवाल्यांनी तर सरळ प्लास्टिक किटकडे वळावं असं मी म्हणेन. चेतक म्हणजे फ्रान्सचं अल्युएट-३, पहिलं उड्डाण २८ फेब्रुवारी १९५९, आपल्याकडे १९६५ पासून एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बंगळुरात बनवलेलं. हेलरचं १/७२ अल्युएट-३ किट जुनं आहे, पण आकार बरोबर, आणि समोरचा काचेचा फुगा नीट जोडला की सी किंगशेजारी उभं करायला झकास दिसतं, स्केलही तीच. वजन हवंच असेल तर पोटात मासेमारीची शिशाची वजनं चिकटवा. सी किंगच्या बाबतीतही एअरफिक्सचं १/७२ किट हा पर्याय आहेच, आणि एअरफिक्सही हॉर्नबीचंच आहे, म्हणजे सी किंगचा १/७२ डायकास्ट मोल्ड आणि १/७२ किट दोन्ही एकाच घरात.

म्हणून मागणी करायची तर हॉर्नबीकडेच करा. "प्लीज मेक इंडियन सी किंग" असं प्रत्येक पोस्टखाली लिहून काही होत नाही, ते वाचणारा सोशल मीडिया सांभाळणारा पोरगा असतो, मोल्ड ठरवणारा माणूस नाही. कस्टमर सर्व्हिसच्या ईमेलवर एक नीट पत्र लिहा: कुठल्या मोल्डवर, कोणता मार्क, कोणतं स्क्वाड्रन, मशीनचा नंबर, चारही बाजूंचे स्पष्ट फोटो जोडून. त्यांचं संशोधनाचं काम तुम्ही कमी करून दिलं तर निदान फाइलला लागतं. आणि आपल्याकडच्या डीलरला सांगून ठेवा, तो घाऊक ऑर्डर देणारा आहे, त्याने "भारतीय सी किंग काढलंत तर मी इतके बॉक्स उचलतो" असं म्हटलं तर त्याला आपल्या सगळ्यांच्या ईमेलपेक्षा जास्त वजन आहे. त्यासाठी त्याच्याकडे खरोखर घेणाऱ्यांची नावं असली पाहिजेत, टोकन रक्कम भरलेली. एका नौदलाच्या सी किंगसाठी अशी यादी करायची तर आधी ४२बी की ४२सी यावर तुमच्यात एकमत करा, नाहीतर अर्धे लोक फ्लोटवालं मागतील, अर्धे बिनफ्लोटचं, आणि डीलर दोन्ही याद्या ड्रॉवरमध्ये टाकून मोकळा होईल.